पौर्णिमेला आत, अष्टमीला बाहेर : मांडवीत दोघांचा नांगर

पणजीला गाडीने येणारा आधी हॉटेल ठरवतो. शिडाच्या बोटीने येणाऱ्याने आधी तिथी ठरवावी. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्यावरचं पाणी भरती-ओहोटीने वर-खाली होतं आणि दुपारी वाऱ्याचा नूर बदलतो. या तीन गोष्टींचा मेळ पंधरवड्यातून मोजक्याच सकाळी बसतो. तो साधला तर गोव्याच्या सगळ्यात देखण्या शहरासमोर आठवडाभर नांगर टाकून निवांत राहता येतं. नाही साधला, तर समोर कांपालची झाडं आणि मिरामारची वाळू दिसत असते आणि आपण बाहेर डुचमळत असतो.

पुढचं सगळं 28 ते 32 फुटांची बोट, पाण्याखाली दीड मीटर कणा, 18-20 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आणि बोटीवर फक्त दोन माणसं असं धरून लिहिलं आहे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्च. मे अर्धा उलटला की इथे थांबण्यात शहाणपण नाही. 6 जून 2000 रोजी रिव्हर प्रिन्सेस हे भलंमोठं जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला लागलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच रुतून राहिलं. जुलै 2017 मध्ये मांडवीत शिरू पाहणारं एक कॅसिनो जहाज मिरामारजवळ वाळूत बसलं. दोन्ही वेळा पावसाळा होता. टग आणि यंत्रणा असलेल्यांची ही गत, तर आपल्या 30 फुटी बोटीचं काय?

कोकणातला जुना हिशेब अजूनही कामाचा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची पाऊणपट सहा. सकाळी तेवढ्या वाजता एक भरती, साधारण साडेबारा तासांनी दुसरी. मधली ओहोटी सव्वासहा तासांवर. गोव्याची भरती मुंबईच्या थोडी आधी येते, त्यामुळे पाऊणपटीचा हा आकडा बेत ठरवण्यापुरताच घ्यायचा. प्रत्यक्ष दांडा ओलांडताना मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताच समोर हवा. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाण्याची चढ-उतार दोन मीटरच्या आसपास; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, मीटरभर किंवा त्याहून कमी. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, त्यामुळे रात्रीच्या भरतीला मिळालेलं पाणी सकाळीही मिळेल असं समजू नये.

आता वारा. हिवाळ्यात पहाटेपासून नऊ-दहापर्यंत जमिनीवरून मतलई वारा येतो, पूर्वेचा, हलका. मग तासभर सगळं थंडावतं. बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून खारे वारे सुरू होतात, तीनपर्यंत 10 ते 15 नॉट (ताशी सागरी मैल) आणि मावळतीला पुन्हा शांत. ओहोटीचं पाणी मांडवीतून पश्चिमेला बाहेर पडतं, खारा वारा समुद्राकडून आत येतो. दोघं समोरासमोर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि त्या सगळ्यात वाईट उठतात दांड्यावर, कारण तिथे पाणी उथळ.

या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. पौर्णिमेला पहाटे पाच ते सव्वाअकरा भरती : सकाळ उत्तम. त्याच दिवशी सव्वाअकरा ते साडेपाच उधाणाची जोरदार ओहोटी आणि तिच्यावर खारा वारा : दुपार पंधरवड्यातली सगळ्यात वाईट. अष्टमीला सकाळी सहाला भरती पुरी होते, मग ओहोटी लागते आणि मतलई वाराही बाहेरच ढकलतो. निघण्यासाठी याहून चांगली सकाळ नाही. म्हणून पौर्णिमेला आत, वद्य अष्टमीला बाहेर. अमावास्येलाही गणित तेच येतं, पण पौर्णिमेचा एक वेगळा फायदा आहे, तो वेंगुर्ल्याहून निघताना कळतो.

वेंगुर्ला ते मांडवीच्या मुखाशी असलेला आग्वाद किल्ला साधारण 25 सागरी मैल. पाच नॉटने पाच तास. दांड्यावर नऊ-साडेनऊला पोहोचायचं तर पहाटे चारला नांगर उचलायला हवा. ही किनारपट्टी जाळ्यांची आहे. थर्माकोलचे तुकडे, रिकामे प्लास्टिकचे डबे, बांबूला बांधलेली फडकी, काही जाळ्यांवर मिणमिणता दिवा, काहींवर तोही नाही. पौर्णिमेच्या पहाटे चंद्र पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या बाजूला असतो, आणि पाण्यावरच्या चकाकीत हे तरंगते तुकडे काळे ठिपके होऊन दिसतात. अमावास्येला काहीच दिसत नाही. एकाने सुकाणूवर, दुसऱ्याने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसायचं, दर तासाला जागा बदलायची. किनाऱ्यापासून पाण्याची खोली 15-20 मीटर मिळेल इतकं बाहेर राहिलं तर लहान होड्यांची जाळी कमी लागतात, ट्रॉलर मात्र वाढतात. ट्रॉलरच्या मागे ओढलेलं जाळं असतं, त्यामुळे त्याच्या पिछाडीजवळून कधीच जायचं नाही.

पंख्यात जाळं गुंतलं तर इंजिनाचा आवाज एकदम जड होतो. लगेच न्यूट्रल, मग बंद. उलटा गिअर टाकून सुटेल या आशेने अनेक जण दोर शाफ्टवर आणखी घट्ट गुंडाळून घेतात. शीड वर करून बोट ताब्यात ठेवायची, आकड्याच्या काठीने दोर वर ओढून दातेरी सुरीने कापायचा. बोट हेलकावत असताना पाण्याखाली उतरायचं नाही, डोक्यात कण्याचा तडाखा बसतो. शिडावर सावकाश आडोशाला जाऊन, नांगर टाकून, मगच पाण्यात उतरायचं. दुसऱ्याने वर दोर धरून उभं राहायचं.

दांडा ओलांडण्याआधी आकडेमोड कागदावर करायची, डोक्यात नाही. चार्टवरची (समुद्राच्या नकाशावरची) सगळ्यात कमी खोली, अधिक त्या वेळचं भरतीचं पाणी, वजा बोटीचा कणा, वजा लाटेच्या उंचीचा अर्धा भाग. उदाहरणापुरतं : चार्टवर 2 मीटर, भरती 1.8, कणा 1.6, लाट 0.8. कण्याखाली उरले 1.8 मीटर. हेच ओहोटीला भरतीचं पाणी 0.4 धरून करा, उरतात 40 सेंटीमीटर, आणि एकच मोठी लाट आली तर तेही नाहीत. आम्ही एक मीटरखाली जात नाही. चार्टचा आकडाही ब्रह्मवाक्य नव्हे. दर पावसाळ्यात नदी वाळू नव्याने रचते, त्यामुळे मागच्या वर्षी जीपीएसमध्ये साठवलेली वाट यंदा वापरायची नाही. बोये, म्हणजे वाटेच्या तरंगत्या खुणा, पाहून जायचं. भारतात आत शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेल्यांनी हे दोनदा वाचावं, तिकडे नेमकं उलटं असतं.

भरती पुरी होण्याच्या दोन तास आधीपासून अर्धा तास आधीपर्यंत ओलांडायचं. याचं कारण बाराव्या हिश्श्याच्या हिशेबात आहे. सहा तासांत पाणी 1, 2, 3, 3, 2, 1 अशा हिश्श्यांनी चढतं. चढ 1.8 मीटर असेल तर पहिल्या तासात 15 सेंटीमीटर, मग 30, 45, 45, 30, 15. शेवटच्या दोन तासांत बहुतेक पाणी भरलेलं असतं, प्रवाह मंदावलेला असतो, आणि तरीही पाणी वरच चाललेलं असतं. चुकून वाळूला टेकलात तर पुढची पंधरा मिनिटं आपल्या बाजूची. भरती उलटल्यावर टेकलात तर पुढचे बारा तास वाळूचे.

बाहेरून पाहताना एक फसवणूक होते : फुटणारी लाट मागून गुळगुळीत दिसते. त्यामुळे दांड्यापासून चार-पाचशे मीटरवर थांबून दहा मिनिटं नुसतं बघायचं. पांढरं कुठे फुटतंय, मच्छीमारांच्या होड्या कोणत्या रेषेने आत जातायत, बार्ज येतोय का. खनिजाच्या बार्जला खोल पाणी तेवढ्याच पट्ट्यात मिळतं, तो बाजूला होणार नाही आणि थांबूही शकणार नाही. मग आत जाताना मोठं शीड उतरवून, पुढचं अर्धं गुंडाळून, इंजिन सुरू, नांगर नाळेवर मोकळा करून तयार. इंजिन नेमकं इथेच बंद पडतं असं खलाशी म्हणतात, त्यात अंधश्रद्धा नाही. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि पाणी दांड्यावरच्या हेलकाव्यांनी ढवळतं आणि फिल्टरमध्ये जातं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत काढायचं. खाली पाण्याचा थर दिसला तर तो जाईपर्यंत काढत राहायचं, मग हवा काढून इंजिन अर्धा तास चालवून बघायचं.

टेकलंच तर : इंजिन उलटं, पण बेताने. जोरात रेस केलं की पंख्याने उसळलेली वाळू थंड पाण्याच्या नळीतून इंजिनात जाते आणि पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची पाती झडतात. एकाने मोठ्या शिडाखालची आडवी काठी बाहेर वळवून तिच्यावर भार द्यायचा, बोट कलली की कणा थोडा उचलला जातो. आलो त्याच वाटेने मागे. पुढे नाही, "अजून थोडंच उथळ असेल" या भरवशावर तर मुळीच नाही.

उशीर झाला, साडेअकरा वाजून गेले, तर हट्ट सोडायचा. मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधल्या काबोच्या टोकाला वळसा घालून चार-पाच मैलांवर दोनापावला आहे. जुवारीच्या मुखाला मांडवीसारखा अडसर नाही. काबोच्या खडकांपासून अर्धा मैल लांब राहायचं, कारण लोकभवनाखालचे (पूर्वीचं राजभवन) सगळे खडक पाण्याबाहेर दिसत नाहीत. दोनापावलाला वायव्येच्या वाऱ्यापासून आडोसा मिळतो, दक्षिण आणि नैऋत्येला मात्र जागा उघडी आहे, आणि रात्री वळून आलेली लाट बोट आडवी डोलवते. तळाला जागोजागी खडक. नांगराच्या मागच्या कडीला 8 मिलिमीटरची वेगळी दोरी बांधून तिला छोटा बोया लावला नाही, तर सकाळी नांगर खडकात अडकून बसतो आणि साखळी ओढून काही होत नाही. मुरगाव बंदराच्या जहाजांची वाट दक्षिणेला आहे, तिकडे सरकायचं नाही. दोनापावलातल्या हवाई बीचवर गोवा याटिंग असोसिएशनच्या छोट्या शिडाच्या होड्या सुटतात. त्यांच्या शर्यतीच्या बोयांमध्ये नांगर टाकणं म्हणजे कुणाच्या अंगणात गाडी लावणं.

दस्तऐवजांचं थोडक्यात. परदेशी झेंड्याच्या बोटीने पणजीत थेट शिरायचं नाही. आधी मुरगाव, तिथलं कस्टम्स आणि इमिग्रेशन. भारतीय बोटीने पणजीतल्या नदीकाठच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात कळवायचं आणि नांगर कुठे टाकावा हे त्यांनाच विचारायचं. नोंदणी, विमा, दोघांची ओळखपत्रं, व्हीएचएफ रेडिओचा परवाना, प्रत्येकाच्या तीन प्रती. व्हीएचएफच्या 16 व्या चॅनलवर कान. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. परदेशातून बोट घेऊन येणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगा, कारण त्यांच्या बोटीवर ते नक्की असतं.

मरीना म्हणावी अशी सोय इथे नाही. नावशी आणि सांकवाळच्या प्रस्तावांवर वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांचा विरोध समजण्यासारखाही आहे. त्यामुळे आलिशान शहर समोर असलं तरी राहायचं नांगरावर आणि उतरायचं रबरी होडीने. डोलकाठी असल्यामुळे मांडवी पुलांच्या पलीकडे जाता येत नाही, जुनं गोवं बसने पाहायचं. पुलांच्या अलीकडे पणजीच्या बाजूला कॅसिनोची जहाजं आणि त्यांच्या ये-जा करणाऱ्या होड्या, समोर बेतीची फेरी, वेऱ्याला नौदलाचा आयएनएस मांडवी तळ. तळाच्या धक्क्यापासून भरपूर लांब राहायचं. तिथेच तारिणी असते, दिवाडी बेटावर बांधलेली 56 फुटी शिडाची बोट. 2 ऑक्टोबर 2024 ला निघून, पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 ला गोव्यात परतताना तिच्यावर नौदलाच्या दोनच अधिकारी होत्या, दिलना आणि रूपा. दोघांनी बोट कशी चालेल असं विचारणाऱ्यांना आम्ही तेवढंच सांगतो.

दोघांत कामाची वाटणी मात्र आधीच पक्की हवी. नाळेवरचा सांगेल ते सुकाणूवरच्याने करायचं, कारण तळ आणि साखळी त्यालाच दिसते. आणि बोलायचं नाही, हातवारे करायचे : हात डावीकडे म्हणजे डावीकडे, मूठ म्हणजे न्यूट्रल, तळहात मागे म्हणजे उलटा गिअर, डोक्यावर आडवे हात म्हणजे नांगर तळाला. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं अर्धं ऐकू जातं, उरलेलं भांडणासारखं ऐकू जातं, आणि काठावरच्या बाकांवर बसलेली मंडळी ते चवीने ऐकतात.

नदीत नांगर टाकताना तोंड वाऱ्याकडे नव्हे, प्रवाहाकडे. वारा 8 नॉट असला तरी कण्यावर पाण्याचाच जोर जास्त. बोट पूर्ण थांबू द्यायची, किंचित मागे जायला लागली की नांगर सोडायचा, साखळी ढीग न होता लांबत जायला हवी. किती सोडायची? ओहोटीची खोली 3 मीटर, वर भरतीचे 2.2, पाण्यापासून नाळेची उंची 1. झाले 6.2. त्याची पाचपट, म्हणजे 31 मीटर साखळी. बरेच जण 3 मीटरच्या पाचपटीवर 15 मीटर सोडून मोकळे होतात, आणि रात्री अकराला भरती पुरी झाली की त्यांचा नांगर उभा ओढला जाऊन निघतो. 30 फुटी बोटीला 8 मिलिमीटरची साखळी, 12 ते 15 किलोचा नांगर, आणि साखळीचा हिसका झेलायला 12 मिलिमीटर जाडीचा, पाच-सहा मीटर लांब नायलॉन दोर. नांगर बसला की इंजिन उलटं 1500 फेऱ्यांवर अर्धा मिनिट. तेवढ्यात काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, उदाहरणार्थ रेइश मागूश किल्ल्याचा कोपरा आणि त्याखालचा एखादा माड. रेषा मोडली तर नांगर सरकतोय. गाळाच्या तळात नांगर हळूहळू बसतो, म्हणून जोर एकदम नाही, टप्प्याटप्प्याने द्यायचा.

आता दोघांच्या बोटीचा सगळ्यात महत्त्वाचा नियम : पहिला प्रवाह उलटेपर्यंत दोघांनी एकदम बोट सोडायची नाही. दर सहा तासांनी बोट नांगराभोवती अर्धा फेरा घेते. वळताना साखळी नांगराच्या दांड्यात अडकू शकते, किंवा नांगर उपटून दुसऱ्या दिशेने बसतच नाही. 31 मीटर साखळी आणि 9 मीटर बोट, म्हणजे चहूबाजूंनी 40 मीटर मोकळे हवेत, आणि शेजारची बोट दोन टोकांना बांधलेली असेल तर जास्त, कारण ती आपल्याबरोबर फिरणार नाही. पौर्णिमेला साडेदहाला नांगर टाकला की सव्वाअकराला पाणी उलटतं. एकच्या पुढे ओहोटी बोटीला एकीकडे नेते, खारा वारा दुसरीकडे. बोट आडवी उभी राहते, साखळी कण्याखाली घासते, कर्रकर्र आवाज येतो. बिघाड नाही, पण बघायला कुणीतरी हवं. छोटं मागचं शीड असलेल्या बोटी ते चढवतात. नसेल तर सुकाणू थोडं वळवून बांधलं की घासणं कमी होतं.

एवीतेवी पणजीतही एक ते चार दुकानं मिटलेली असतात. जाऊन करायचं काय? संध्याकाळी पाच-साडेपाचला तर तळाची ओहोटी, काठाला चिखल. सहा-साडेसहाला पाणी परत चढायला लागलं की उतरायचं. फेरीच्या उतरंडीवर होडी बांधायची नाही : शेवाळाने पाय घसरतो आणि फेरी आली की तिच्या पंख्याचा लोट होडी उलटवतो. धक्क्यावर विचारून, शिडीच्या बाजूला, निदान पाच मीटर मोकळी दोरी ठेवून बांधायची. आखूड बांधलेली होडी ओहोटीला हवेत लटकते, भरतीला धक्क्याखाली शिरते. खांबांना चिकटलेली कालवं रबर ब्लेडसारखी कापतात, म्हणून मागून छोट्या नांगराने होडी खांबापासून ओढून ठेवायची.

होडीत हे असलंच पाहिजे : वल्ही, दोघांची लाइफ जॅकेट अंगावर, पांढरा टॉर्च, दीड-दोन किलोचा घडीचा नांगर आणि 30 मीटर दोर. शेवटच्या दोन गोष्टी फुकटचं ओझं वाटतात. रात्री जेवून परतताना छोटं इंजिन बंद पडलं आणि ओहोटी चालू असली, तर ती होडीला मिरामारकडे, दांड्याकडे नेते. दोन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध रबरी होडी वल्हवणं जमत नाही. नांगर टाकून थांबायचं आणि हाक मारायची. पौर्णिमेच्या आसपास रात्री दहा-साडेदहाला परतलात तर पाणी भरतीच्या शेवटावर, जवळजवळ स्थिर असतं, हे सगळ्यात सोपं. कॅसिनोच्या होड्या रात्रभर पळतात आणि त्यांच्या मागे एवढा झगमगाट असतो की आपला डोलकाठीवरचा नांगरदिवा त्यात हरवतो. तो हवाच, पण शिवाय कठड्याच्या उंचीवर आणखी एक पांढरा दिवा लावावा. बोट चालवणाऱ्याची नजर तिथे असते, 12 मीटर वर नसते.

शहर पायी बघण्याजोगं आहे : कांपालचा नदीकाठ, जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा, चर्च चौक, मागची फोंतेन्हासची आळी. फोंतेन्हासमध्ये लोक राहतात, खिडक्यांत डोकावून फोटो काढू नयेत. लांब जायचं तर कदंबाची बस, नाहीतर पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरचा पायलट. 20 लिटरचे डिझेलचे कॅन घेऊन पायलटच्या मागे बसू नये हे सांगायला नको, पण लोक बसतात. कॅनसाठी टॅक्सी करा. इंजिन बेताने चालवलं तर तासाला दोन-अडीच लिटर जातं, म्हणजे 40 लिटर परतीच्या प्रवासाला भरपूर. ओतताना पाणी अडवणारं जाळीचं नरसाळं वापरा. नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी हा चित्रपट महोत्सव असताना जेवायला जागा मिळत नाही. त्या आठवड्यात बोटीवरच चूल.

बाजार सकाळी सातला, तोही भरतीचं बघून. गोव्यात पावसाळ्याआधी वर्षाचा साठा करतात, त्याला पुरुमेंत म्हणतात, आणि बोटीच्या कपाटाला हाच साठा सगळ्यात चांगला मानवतो : भिंडाची सोलं (आमसुलं), सुके बांगडे, सुंगटांची (कोळंबीची) सुकट, व्हिनेगरमधलं लोणचं, न सोललेले नारळ, जे फ्रीजशिवाय तीन आठवडे टिकतात. सुकी मासळी मात्र दोन पिशव्यांत आणि पिशव्या डब्यात, नाहीतर गाद्यांनाही वास लागतो. पोयी, म्हणजे इथला पाव, त्याच दिवशी खायची, दुसऱ्या दिवशी तव्यावर. तिसऱ्या आणि खुबे (शिंपले) घेतलेत तर एक आठवण : ते याच खाड्यांतले असतात. संडासची टाकी नदीत सोडायची नाही, ती समुद्रात, किनाऱ्यापासून दूर रिकामी करायची.

आठ दिवसांत गाळ इंजिनाच्या पाण्याच्या गाळणीत बसलेला असतो. सप्तमीला ती उघडून धुवायची. आधी तळाची तोटी बंद, मग झाकण. उलट क्रम केला तर बोटीत पाणी. इंजिन लावून मागच्या नळीतून पाणी उडतंय ना ते बघायचं. कमी असेल तर रबरी चक्र बदला, वीस मिनिटांचं काम, नवीन चक्राला ग्लिसरीन लावून. सुटं चक्र पणजीत मिळेल या भरवशावर येऊ नये, दोन जवळ ठेवावीत.

अष्टमीला पहाटे साडेपाचला उठून साखळी उचलायला घ्या. आठ दिवसांचा काळा चिखल कड्याकड्यात भरलेला असतो, त्यामुळे एकाने बादलीने पाणी मारत आणि दुसऱ्याने ओढत, पंधरा-वीस मिनिटं जातात. सव्वासहाला, भरती उलटल्या-उलटल्या, दांड्याकडे निघायचं. उजेड फुटायला लागलेला असतो, नसेल तर बोये दिसेपर्यंत थांबायचं. भांगाची ओहोटी खूप खाली जात नाही, तरी पहिल्या दीड तासात दांडा मागे पडायला हवा, कारण आता टेकलं तर पाणी उतरतंय. आग्वाद पार केलं की मोठं शीड चढवायचं, इंजिन बंद. मतलई वारा उजव्या कुशीवर घेऊन उत्तरेला बोट छान पळते, आणि बाराच्या सुमारास वायव्येचा वारा थेट तोंडावर येईपर्यंत वेंगुर्ल्याच्या आडोशाला पोहोचता येतं. फेणीच्या बाटल्या घेतल्या असतील तर परमिट पणजीतच करून घ्या. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर महाराष्ट्राचे नियम लागू होतात.